विश्लेषण : कोड बदलला, सेव्ह केला, तरी पडद्यावर जुनेच का दिसते?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा परिसरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन जुन्या तंत्रशिक्षण संस्था आहेत. त्यातील अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. संगणक शाखेच्या मुलामुलींना अंतिम वर्षाचा प्रकल्प असो की पुण्यातील एखाद्या कंपनीतील इंटर्नशिप, ‘डॉकर’ आणि ‘कंटेनर’ हे शब्द आता टाळता येत नाहीत. मात्र कंटेनरमध्ये वेबसाइटचे काम सुरू केले, की नवशिक्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. कोड बदलला, फाइल सेव्ह केली, ब्राउझर रिफ्रेश केला; पान मात्र जसेच्या तसे. आपलाच कोड चुकला असे समजून बरोबर असलेल्या ओळी पुन्हा पुन्हा बदलल्या जातात. काही जण प्रत्येक बदलानंतर सगळी बांधणी नव्याने करतात आणि दिवस वाट पाहण्यातच जातो. प्रत्यक्षात दोष कोडचा नसून वाटेचा असतो. ही वाट कशी असते, ती कुठे तुटते आणि कशी जोडायची, याचा हा आढावा.

कंटेनर म्हणजे नेमके काय?

एखादा प्रोग्राम चालायला केवळ त्याचा कोड पुरत नाही. ठरावीक आवृत्तीची भाषा, लायब्ररी, सेटिंग्ज असे बरेच सामान लागते. प्रकल्पाच्या गटात चौघांचे चार लॅपटॉप, त्यावर नोडच्या वा पायथनच्या चार आवृत्त्या असतील, तर ‘माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही’ हा वाद ठरलेलाच. कंटेनर हे सर्व सामान एका बंद खोलीत मांडून देतो. खोली कोणाच्याही लॅपटॉपवर उघडली तरी आतली मांडणी तीच.

ही कल्पना जुनी आहे. एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डरपुरतेच जग दाखवण्याची ‘सीएचरूट’ ही सोय युनिक्समध्ये १९७९ मध्ये आली. प्रोग्रामच्या गटाला किती मेमरी, किती प्रोसेसर द्यायचा, हे ठरवणाऱ्या ‘सीग्रुप्स’वर गुगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये काम सुरू केले आणि २००८ मध्ये ती सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, समाविष्ट झाली. या तुकड्यांना एकत्र करून सामान्य प्रोग्रामरला सहज वापरता येईल असे साधन सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील पायकॉन परिषदेत सादर केले. तेच डॉकर.

मग बदल का दिसत नाही?

कंटेनर ‘इमेज’पासून तयार होतो. इमेज म्हणजे त्या खोलीचा गोठवलेला नमुना. ‘डॉकरफाइल’मध्ये ‘कॉपी’ अशी एक ओळ असते. इमेज बांधताना त्या क्षणी लॅपटॉपवर जो कोड असेल, त्याची प्रत ही ओळ आत ठेवते. त्यानंतर तुम्ही लॅपटॉपवरील फाइल कितीही वेळा बदला, आतली प्रत जुनीच राहते.

म्हणूनच ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ केल्याने काहीच बदलत नाही. तीच खोली, तेच जुने सामान, फक्त दिवा बंद करून पुन्हा लावला इतकेच. ‘डॉकर कंपोज अप’ ही कमांडही इमेज आधीच तयार असेल तर ती नव्याने बांधत नाही. त्यासाठी ‘बिल्ड’ हा पर्याय जोडावा लागतो. पण एका शब्दाचा रंग बदलण्यासाठी दर वेळी इमेज बांधणे परवडणारे नाही. इथे ‘लाइव्ह रीलोड’ची, म्हणजे फाइल सेव्ह होताच बदल आपोआप दिसण्याची, गरज भासते.

लाइव्ह रीलोडसाठी काय काय लागते?

तीन गोष्टी, आणि त्याही याच क्रमाने. पहिली : बदललेली फाइल कंटेनरच्या आत पोहोचली पाहिजे. दुसरी : ‘फाइल बदलली आहे’ हा निरोप आतल्या प्रोग्रामला मिळाला पाहिजे. तिसरी : निरोप मिळाल्यावर सर्व्हरने स्वतःला नव्याने सुरू केले पाहिजे, किंवा ब्राउझरला पान बदलायला सांगितले पाहिजे.

इंटरनेटवर सापडणारे बहुतेक उपाय पहिल्या गोष्टीपाशी थांबतात. फाइल पोहोचली म्हणजे काम झाले, असे गृहीत धरले जाते. विंडोज लॅपटॉपवर मात्र नेमकी दुसरी कडी तुटलेली असते.

फाइल आत कशी पोहोचवायची?

नेहमीचा मार्ग ‘बाइंड माउंट’चा. जुन्या घरांत दोन खोल्यांमधील भिंतीत दोन्हीकडून उघडणारे कपाट असे. बाइंड माउंट तसेच आहे. लॅपटॉपवरील फोल्डर आणि कंटेनरमधील फोल्डर वेगळे राहत नाहीत. एकच कपाट दोन्ही बाजूंनी दिसते. कंपोजच्या फाइलमध्ये ‘व्हॉल्यूम्स’खाली एक ओळ लिहिली, की हे होते.

इथे पहिला सापळा आहे. इमेज बांधताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलेले असते आणि लायब्ररींचे ‘नोड मॉड्यूल्स’ हे फोल्डर आत तयार झालेले असते. त्यावर लॅपटॉपवरील फोल्डर बसवले, की आतले फोल्डर झाकले जाते आणि सर्व्हर ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून बंद पडतो. लॅपटॉपवर विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेल्या लायब्ररी आत गेल्या तरी सगळ्या चालतीलच असे नाही. ‘ईएसबिल्ड’सारख्या काही लायब्ररींचा तयार भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळा असतो. उपाय असा, की ‘नोड मॉड्यूल्स’साठी वेगळा व्हॉल्यूम द्यायचा, म्हणजे आतल्या लायब्ररी आतच राहतात. मात्र पुढे नवी लायब्ररी जोडली तर नुसती इमेज बांधून भागत नाही. जुना व्हॉल्यूम तसाच चिकटून राहतो. तोही नवा करावा लागतो.

दुसरी काळजी : एकेकटी फाइल माउंट करू नये, फोल्डर करावे. काही एडिटर सेव्ह करताना मूळ फाइलवर लिहीत नाहीत. नवी फाइल तयार करून तिला जुने नाव देतात. अशा वेळी कंटेनर जुन्याच फाइलला धरून बसतो.

विंडोजवरच घोळ जास्त का?

लिनक्समध्ये ‘आयनोटिफाय’ नावाची सोय आहे. ती २००५ मध्ये कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत आली. एखाद्या फोल्डरवर नजर ठेवायला सांगितले, की त्यात काही बदलताच कर्नल स्वतःहून निरोप देतो. कपाटाला घंटा बांधावी तसे. नोडमॉन, व्हीट यांसारखी साधने एरवी या घंटेच्या भरवशावर असतात.

लॅपटॉपवर उबुंटूसारखे लिनक्स असेल तर अडचण नाही. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो लॅपटॉपचाच कर्नल वापरतो. फाइल बाहेरून बदलली तरी घंटा त्याच कर्नलची वाजते आणि आत ऐकू येते.

विंडोजवर डॉकर डेस्कटॉप हे ‘डब्ल्यूएसएल २’ या सोयीतून चक्क एक वेगळे लिनक्स चालवते आणि कंटेनर त्या लिनक्समध्ये असतात. प्रकल्प सी ड्राइव्हवर असेल तर तुमची फाइल विंडोज सेव्ह करते आणि लिनक्सला ती दोन सिस्टीममधील एका पुलावरून दिसते. मजकूर पुलावरून जातो, घंटेचा आवाज जात नाही. म्हणून कंटेनरमध्ये जाऊन फाइल उघडली तर नवी ओळ दिसते, तरी सर्व्हर ढिम्म हलत नाही. मूळ फाइल लिनक्सच्या बाजूला असेल तरच कंटेनरला बदलाचा निरोप मिळतो, हे डॉकरच्या अधिकृत माहितीतही नमूद आहे.

जँगो चालते, व्हीट अडते, असे का?

एकाच लॅपटॉपवर मित्राचा पायथन प्रकल्प व्यवस्थित रीलोड होतो आणि आपला रिअॅक्टचा होत नाही, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. कारण साधे आहे. जँगोचा ‘रनसर्व्हर’ एरवी घंटेची वाट पाहत नाही. तो साधारण दर सेकंदाला स्वतः उठून प्रत्येक फाइलची शेवटची बदललेली वेळ तपासतो. याला ‘पोलिंग’ म्हणतात. फ्लास्कही वेगळे साधन जोडले नसेल तर डीबग अवस्थेत याच पद्धतीने काम करते.

पीएचपीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे प्रत्येक विनंतीला फाइल पुन्हा पाहिली जाते, म्हणून फाइल आत पोहोचली एवढे पुरेसे ठरते. ‘ऑपकॅश’ सुरू असेल तर मूळ सेटिंगनुसार दोन सेकंदांपर्यंत जुना कोड दिसू शकतो, इतकेच.

थोडक्यात, भाषा चांगली की वाईट असा हा प्रश्न नाही. निरोपाची वाट पाहणारे साधन अडते, स्वतः जाऊन बघणारे चालते.

उपाय कोणते?

तीन आहेत आणि तिन्हींची किंमत वेगवेगळी आहे.

पहिला, प्रकल्पच लिनक्सच्या बाजूला हलवणे. डब्ल्यूएसएलमधील उबुंटू उघडून तिथल्या होम फोल्डरमध्ये ‘गिट क्लोन’ करायचे आणि व्हीएस कोडच्या डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शनमधून तो उघडायचा. डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये त्या उबुंटूसाठी जोडणी सुरू आहे ना, तेवढे पाहायचे. घंटा वाजू लागते आणि पूल ओलांडावा लागत नसल्याने फाइल वाचण्याचा वेगही वाढतो. विंडोजवर दीर्घकाळ काम करायचे असेल तर हाच सर्वांत चांगला मार्ग.

दुसरा, पोलिंग सुरू करणे. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये ‘यूजपोलिंग’ खरे करायचे, नोडमॉनला ‘लेगसी वॉच’ हा पर्याय द्यायचा. पाच मिनिटांचे काम आहे. पण शेकडो फाइल सतत तपासल्याने प्रोसेसरवर ताण येतो, पंखा फिरू लागतो, बॅटरी लवकर उतरते. ‘नोड मॉड्यूल्स’ तपासणीतून वगळले आणि तपासणीचे अंतर एका सेकंदाच्या आसपास ठेवले तर ताण बराच कमी होतो.

तिसरा, ‘डॉकर कंपोज वॉच’. २०२३ मध्ये आलेली ही सोय वाटच बदलते. इथे बदलांवर नजर लॅपटॉपच्या बाजूने ठेवली जाते आणि बदललेली फाइल आत नेऊन लिहिली जाते. लिहिण्याची क्रिया कंटेनरमध्येच घडल्याने तिथली घंटा वाजते. नियमही आपणच ठरवायचे. सोर्स कोड बदलला तर ‘सिंक’, म्हणजे फक्त फाइल आत पाठवा. कॉन्फिग बदलले तर फाइल पाठवून कंटेनर पुन्हा सुरू करा. ‘पॅकेज जेसन’ बदलले तर ‘रीबिल्ड’, म्हणजे इमेजच नव्याने बांधा.

त्याच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. ज्या सेवेची इमेज आपण स्वतः बांधतो, तिलाच हे लागू होते. बाहेरून तयार आणलेल्या इमेजला नाही. कंटेनरमधील यूजरला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी हवी. आणि ही वाट एकेरी आहे. कंटेनरमध्ये तयार झालेली फाइल, उदाहरणार्थ जँगोची मायग्रेशन फाइल, आपोआप लॅपटॉपवर येत नाही. ती गिटमध्ये जायची राहिली तर गटातील बाकीच्यांचा डेटाबेस बिघडतो.

सर्व्हर बदलला, पण ब्राउझर?

ही तिसरी कडी. व्हीटसारखा डेव्हलपमेंट सर्व्हर एरवी फक्त ‘लोकलहोस्ट’वर, म्हणजे स्वतःपुरता ऐकतो. कंटेनरमध्ये ‘स्वतः’ म्हणजे कंटेनर. त्यामुळे लॅपटॉपच्या ब्राउझरची हाक त्याला ऐकू जात नाही. त्याला ‘०.०.०.०’ या पत्त्यावर ऐकायला सांगावे लागते आणि ५१७३ हे पोर्ट बाहेर उघडावे लागते.

पान उघडते, पण आपोआप बदलत नाही, अशी तक्रार असेल तर वेबसॉकेट तपासावे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी ही जोडणी असते. ‘पान बदल’ हा निरोप तिच्यातूनच येतो. लॅपटॉपवरील पोर्ट आणि आतले पोर्ट वेगळे ठेवले किंवा मध्ये एनजिनएक्स बसवले, तर ही जोडणी चुकीच्या दारावर जाऊ शकते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तशी लाल ओळ दिसते.

यात एक सावधगिरी आहे. डॉकर एरवी पोर्ट उघडतो ते सगळ्या नेटवर्कसाठी. वसतिगृहाच्या किंवा कॅफेच्या वायफायवर शेजारच्या माणसालाही तुमचा अर्धवट प्रकल्प दिसू शकतो. कंपोजच्या फाइलमध्ये पोर्टच्या आधी ‘१२७.०.०.१’ लिहिले, की तो तुमच्या लॅपटॉपपुरता राहतो.

आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे झेपेल का?

झेपते, पण हात राखून. डब्ल्यूएसएल २ मूळ सेटिंगनुसार लॅपटॉपच्या निम्म्या मेमरीपर्यंत वापरू शकते. उरलेल्या चार जीबीत विंडोज, ब्राउझर आणि एडिटर भागवायचे असतात. विंडोजमधील यूजर फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूएसएल कॉन्फिग’ या फाइलने ही मर्यादा आणखी खाली आणता येते. त्यानंतर डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचे.

तरीही लॅपटॉप गुदमरत असेल, तर सगळेच कंटेनरमध्ये घालण्याचा हट्ट नको. डेटाबेस कंटेनरमध्ये आणि स्वतःचा कोड थेट लॅपटॉपवर, ही विभागणी अनेक गटांना पुरते. जो भाग रोज बदलत नाही तो बंद खोलीत. जो मिनिटामिनिटाला बदलतो तो हाताशी. सादरीकरणाआधी मात्र सर्व काही कंटेनरमध्ये चालवून पाहावे.

खर्चाचा प्रश्नही येतो. डॉकर डेस्कटॉप शिक्षणासाठी, वैयक्तिक वापरासाठी आणि लहान कंपन्यांसाठी मोफत आहे. लहान म्हणजे २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न. लिनक्सवरील डॉकर इंजिन मुक्तस्रोत आहे.

अडले तर कुठून सुरुवात करायची?

कोडला हात लावण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी ‘डॉकर कंपोज एक्झेक’ने कंटेनरमध्ये शिरून ‘कॅट’ कमांडने फाइल वाचा. नवी ओळ नसेल तर फाइलच पोहोचलेली नाही. माउंटचा मार्ग तपासा.

नवी ओळ असेल तर आतूनच त्या फाइलवर ‘टच’ कमांड चालवा. या कमांडने मजकूर बदलत नाही, फक्त फाइलची वेळ बदलते. आतून टच केल्यावर सर्व्हर रीलोड झाला आणि बाहेरून सेव्ह केल्यावर होत नसेल, तर निदान पक्के : निरोप पुलावर अडतो आहे. वरील तीनपैकी एक उपाय करा.

टच करूनही काहीच हलले नाही, तर ‘डॉकर कंपोज लॉग्स’ पाहा. कदाचित सर्व्हर डेव्हलपमेंट अवस्थेत सुरूच झालेला नसेल. लॉगमध्ये रीलोड दिसतो आणि पान तसेच राहते, असे असेल तर प्रश्न ब्राउझरच्या जोडणीचा आहे.

लिनक्सवर एक फसवा संदेश दिसतो : डिस्कमध्ये जागा उरलेली नाही. डिस्क मोकळी असते. संपलेली असते ती आयनोटिफायची मर्यादा. जुन्या कर्नलमध्ये ती प्रत्येक यूजरला ८,१९२ इतकीच असे. ‘नोड मॉड्यूल्स’ नजरेखालून वगळले किंवा ही मर्यादा वाढवली, की संदेश जातो. फोटो आणि सिनेमे डिलीट करून उपयोग होत नाही.

हीच मांडणी खऱ्या वेबसाइटसाठी चालेल का?

नाही. लाइव्ह रीलोड ही फक्त काम करतानाची सोय आहे. जँगोच्या अधिकृत माहितीत रनसर्व्हर प्रत्यक्ष वापरात आणू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. फ्लास्कचा डीबगर तर ब्राउझरमधून सर्व्हरवर कोड चालवू देतो. तो इंटरनेटवर उघडा राहिला तर परक्या माणसाच्या हाती किल्ली दिल्यासारखेच. शिवाय बाइंड माउंट असलेला कंटेनर तुमच्या लॅपटॉपवरील फोल्डरवर अवलंबून असतो. तो दुसरीकडे नेला की रिकामा.

म्हणून दोन कंपोज फाइल ठेवण्याची पद्धत आहे. मूळ फाइलमध्ये इमेज, पोर्ट आणि डेटाबेस. दुसऱ्या फाइलमध्ये माउंट, पोलिंग आणि डीबगसारख्या कामापुरत्या सोयी. प्रकल्प जमा करण्याआधी फक्त पहिल्या फाइलवर, इमेज नव्याने बांधून, शक्य तर गटातील दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून पाहावा. तिथे चालला तर तो परीक्षकांच्या संगणकावरही चालण्याची शक्यता मोठी. कंटेनर वापरण्यामागचा मूळ हेतूही तोच होता.